लाकडाला पोहता येत नाही

सुंदरबनच्या सहलीत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "वाघ दिसेल ना?" खुलन्याला लाँचवर पाय ठेवला की तो सुरू होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: बांगलादेशातलं जंगल सुमारे ६,००० चौरस किलोमीटर, २०१८ च्या गणनेत वाघ ११४, तुम्हीच हिशेब करा. हिशेब कोणी करत नाही, सगळे दुर्बिणी पुसत बसतात. मी त्या वेळी लाँच चालवणाऱ्या सारंगाकडून दुसऱ्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घेत असतो. या जंगलात गट सांभाळणाऱ्याला रात्री जागवतं ते पाणीच.

करोनाच्या जरा आधीचा हिवाळा. १९ जणांचा गट, बहुतेक निवृत्त, शिवाय तीन-चार कॉलेजची पोरं. रात्री लाँच जंगलाच्या समुद्राकडच्या टोकाला, कटक्याला नांगरलेली. पहाटे धुकं असतानाच लहान होडीतून खालात, म्हणजे जंगलातल्या अरुंद खाडीत शिरलो, इंजिन बंद, नुसती वल्ही. गटात देवगडकडचे एक काका होते, सगळी नोकरी बंदरात झालेली. नावाड्याने एका झाडाकडे बोट करून "बाइन" म्हटलं, तर काका लगेच, "अहो, हे तर आमचं तिवर!" मग श्वासमुळं, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, सगळं तेच सांगू लागले. मला बरंच वाटलं, माझं काम हलकं झालं. केओड्याच्या, म्हणजे तिथल्या एका खारफुटीच्या झाडावर माकडं पाला ओरबाडून खाली टाकत होती आणि खाली चितळं तो वेचत होती. कितीही वेळा पाहिलं तरी ही भागीदारी बघायला मी थांबतोच.

नाश्त्यानंतर कटक्याजवळच्या जामतल्याच्या किनाऱ्याकडे निघालो. वाट चालायची असते: आधी गवताळ माळ, मग निरीक्षण मनोरा, मग झाडी. पुढे एक बंदूकधारी वनरक्षक, मागे एक, मधे आम्ही एका रांगेत. रक्षक वाघाचं नाव घेत नाहीत, "मामा" म्हणतात. गटातल्या बायकांना ते फार आवडलं.

झाडी संपते आणि एकदम समुद्र. आपल्याकडच्या डोळ्यांना हा किनारा विचित्र वाटतो. पाणी गढूळ, गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ पोटात घेतलेलं, त्यामुळे घोट्याएवढ्या पाण्यातही तळ दिसत नाही. वाळूत उन्मळलेली झाडं आणि खुंट. १५ नोव्हेंबर २००७ चं सिद्र चक्रीवादळ या बाजूला जबर बसलं होतं, आणि समुद्र किनारा खातोय ते वेगळंच. पण त्या सकाळी लाटा अगदी मऊ होत्या. पोरांनी बूट काढले. काकांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.

मी म्हटलं, "काका, पाण्यात नाही जायचं."

"अरे, जन्म समुद्रात गेला आमचा. हे तर तळं आहे."

पुढचा रक्षक, पिकल्या दाढीचे गृहस्थ, काही न बोलता पाण्याच्या कडेला गेले आणि हातातली काठी वाळूत रोवली. मग आमच्याकडे पाठ करून जंगलाकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने पाहिलं तर काठी कोरड्यात, आणि पाणी कितीतरी पावलं मागे. ओहोटी जोरात लागली होती. किनारा सपाट म्हणून ती डोळ्यांना संथ दिसते. पण जंगलातल्या शेकडो खालांमधलं पाणीही त्याच वेळी बाहेर पडत असतं आणि खालाच्या तोंडाशी त्याची ओढ भयंकर असते. शिवाय गाळाचे उंचवटे जागा बदलतात. रक्षकांनी मग एक ओंडका लाटेत फेकला. तो आधी किनाऱ्याला समांतर सरकला, खालाच्या तोंडाशी पोचला आणि तिथून सरळ भर समुद्रात, बघता बघता ठिपका.

काका म्हणाले, "लाकडाला पोहता येत नाही."

पोरं हसली. मलाही हसू आलं असतं, पण तेव्हा मी ते सांगितलं जे सहसा किनाऱ्यावर उभं राहून सांगत नाही. १३ मार्च २००४ ला याच कटक्याला सहलीला आलेले ११ विद्यार्थी बुडाले. नऊ खुलना विद्यापीठाच्या वास्तुकला विभागाचे, दोन ढाक्याच्या अभियांत्रिकी विद्यापीठाचे. खुलना विद्यापीठाच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. पोरांनी मुकाट्याने बूट चढवले. काका मात्र परत निघेपर्यंत दुमडलेल्या विजारीनिशी तिथेच उभे, माझ्याशी अबोला धरून.

परतताना खरी गंमत झाली. किनाऱ्यावर रेंगाळलो होतो, त्यात धक्क्यापाशी पाणी इतकं उतरलेलं की होडी लागेना. मधे चिखलाचा पट्टा. रक्षकांनी आधी मगर नाही ना ते पाहिलं, मग दोन फळ्या टाकल्या, त्याही पुरेनात. पहिल्याच बाई पोटरीपर्यंत रुतल्या, चप्पल आतच राहिली आणि त्या घाबरून तिथेच थांबल्या. तेव्हा काका पुढे झाले. विजार दुमडलेलीच होती.

"थांबू नका, थांबलात की आत जाल. पाऊल सपाट टाका. मुळांवर नको, तळवा फाटेल." एकेकाचा कोपर धरून त्यांनी सगळ्यांना होडीत घातलं. मी फक्त डोकी मोजली, १९ भरली. मी आभार मानले तर म्हणाले, "चिखल चालतो तुमच्या कंपनीला. पाणी चालत नाही."

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचे कागद भरून घेतले. काकांच्या कागदावर जेवण उत्तम, होडी उत्तम. खाली ठसठशीत अक्षरात दोन तक्रारी: 'वाघ दिसला नाही. समुद्रावर नेऊन समुद्रात जाऊ दिले नाही.' ऑफिसने दोन्हींवर खुलासा मागितला. दुसरीवर मी पानभर लिहिलं. पहिलीवर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ११४ चा आकडा दिला.