सोन्याच्या मुठीची काठी आणि पुण्याचं नाक

लंडनमधल्या रीजंट्स पार्कला लागून रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स आहे. संस्था १५१८ची, इमारत १९६४ची. तिथली सोन्याच्या मुठीची काठी मला बघायची होती. रॅडक्लिफ, मीड, आस्क्यू, पिटकेर्न, बेली अशा नामांकित डॉक्टरांच्या हातांतून ती फिरली. विल्यम होगार्थनं १७३६ सालच्या छापचित्रात असल्याच काठ्यांची टर उडवली होती: विग घातलेले डझनभर डॉक्टर, काठीची मूठ नाकाशी धरून हुंगत उभे!

फिजिशियन म्हणजे लॅटिन शिकलेला, नाडी-लघवी बघून औषध लिहून देणारा. कापाकापी सर्जनची, आणि सर्जन १७४५पर्यंत न्हाव्यांच्याच कंपनीत, म्हणजे धंद्याच्या संघात. तिथले सर्जन अजूनही ‘डॉक्टर’ नाही, ‘मिस्टर’ म्हणवून घेतात. आता मात्र मिरवत!

हा मान चढला कसा, ते हंटेरियन म्युझियम ज्याच्या नावाचं, त्या सर्जन जॉन हंटरकडे बघून कळतं. रेनल्ड्सनं त्याचं तैलचित्र काढलं, १७८८मध्ये विल्यम शार्पनं ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. तैलचित्र एकाच भिंतीवर लागणार. पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती निघणार. काठी नाही की मूठ नाही. हातात लेखणी, नजर वर, विचारात बुडालेला. कोपऱ्यात चार्ल्स बर्न या उंच आयरिश माणसाच्या सांगाड्याचे पाय लोंबतात. २०२३पासून सांगाडा प्रदर्शनात नाही. चित्रातले पाय आहेत तिथंच आहेत.

शेवटच्या दिवशी युस्टन रोडवरच्या वेलकम कलेक्शनच्या ग्रंथालयात एक छापचित्र मागवलं. त्याच्यासाठीच तर आले होते. कावसजी, इंग्रजी फौजेचा मराठा बैलवाला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं. जेम्स वेल्सनं त्याचं चित्र काढलं, आणि ऑक्टोबर १७९४च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधल्या पत्रानं ही हकिकत लंडनला कळली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं तयारी केली आणि १८१४मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

चित्रात कपाळावरचा व्रण दिसतो. कातडी मापात कापायला मेणाचा नमुना कसा करायचा, तेही काढून दाखवलंय. कावसजीचं नाव आहे, चित्रकाराचं आहे. नाक बसवणाऱ्याबद्दल त्या पत्रात एवढंच: पुण्याजवळचा, विटा पाडणाऱ्या जातीतला माणूस.

मी पुण्याचीच. ग्रंथपालबाईंनी विचारलं, अजून काही काढून देऊ का? त्या माणसाचं चित्र मागायला नाव तर हवं ना.