'समजलं का?' कुठल्या रकान्यात धरायचं

नववीच्या एका गणित शिक्षकांच्या मूल्यमापनाचे तीन तक्ते आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहेत; प्रत्येकात त्यांच्या शिकवण्याबद्दलच्या विधानांना गुण दिलेत. एक सरांनी स्वतः भरलेला, एक मुख्याध्यापकांनी आणि एक मुलांनी. एकूण सरासरी काढली तर तिघांत फारसा फरक नाही. विधानवार मांडणी केली तेव्हा एकाच ठिकाणी मोठी फट दिसली: 'वर्गात शंका विचारायला वाव मिळतो.' सरांनी स्वतःला 5 दिलेत, मुख्याध्यापकांनी 4, मुलांची सरासरी 3 च्याही खाली.

मुख्याध्यापकांचे 4 मी बाजूला ठेवले. त्यांनी सगळ्या विधानांना 4 च दिलेत. टाचण वही वेळेवर आणि पोर्शन पूर्ण, एवढ्यावर आपल्याकडे शिक्षक चांगला ठरतो, याची मला चीड येते.

मुलांचे फॉर्म जपून भरून घेतले होते. अंतर्गत गुण सरांच्याच हातात असतात, त्यामुळे नाव नसलं तरी मुलं बिचकतात. म्हणून नुसत्या बरोबरच्या खुणा, अक्षर एकही नाही, कारण सर अक्षर ओळखतात. सर वर्गाबाहेर, पाकीट मुलांसमोरच चिकटवलं.

तरी सर खोटं लिहितायत असं वाटेना. म्हणून फ्लँडर्सच्या पद्धतीने तास पाहिला; वर्गात त्या क्षणी कोण आणि कशा प्रकारचं बोलतंय, ते ठरलेल्या क्रमांकाने नोंदवायची ही पद्धत. दर 3 सेकंदांना एक आकडा, 35 मिनिटांच्या तासाला 700. घड्याळाकडे बघत बसलं की वर्ग निसटतो, ती लय हातातच बसावी लागते.

सरांनी 31 वेळा 'समजलं का?' विचारलं. वर्ग 'होऽ सर' म्हणतो, तोवर खडू पुढच्या ओळीवर. सरांच्या हिशोबी हे 31 प्रश्न, म्हणजेच वाव. फ्लँडर्सच्या यादीत प्रश्न 4 क्रमांकाला, पण उत्तराची अपेक्षाच नसलेला प्रश्न 5 मध्ये, म्हणजे व्याख्यानात जातो. मुलांनी आपणहून बोलण्याचा क्रमांक 9. तिथे दोनच खुणा, आणि दोन्ही वेळा 'सर, पुसू नका'.

चूक माझ्या विधानाचीही आहे. 'वाव' म्हणजे काय ते ज्याने त्याने आपापलं धरलं. आता तिथे लिहिलंय: 'प्रश्न विचारल्यावर सर उत्तरासाठी थांबतात.' त्यावर सरांनी स्वतःहून 3 दिले.

'हो सर' मी 8 मध्ये धरलं, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद म्हणून. नियमाने ते बरोबर आहे. पण मागच्या दोन बाकांवरून तो आवाज किती वेळा आला, त्याला माझ्या तक्त्यात रकानाच नाही.