दोन उभ्या रेघा: पॉम्पेईच्या भिंती वाचताना

व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात भिंतीवर दोन उभ्या रेघा शेजारी शेजारी ओढलेल्या दिसल्या, तर तो दोनचा आकडा असेल किंवा रोमन लिपीतलं ‘ई’. चार रेघा असल्या तर चारचा आकडा, दोन ‘ई’ किंवा एकच ‘एम’. छापील लॅटिन सहज वाचणारा माणूस इथे अडतो, कारण संगमरवरावर छिन्नीने कोरलेली अक्षरं वेगळी आणि रोजच्या हाताचं वळण वेगळं. ज्यांनी मोडी वाचलीय त्यांना हे लगेच कळेल. मोडीसारखेच इथेही शब्द तोडलेले नसतात. मध्ये एखादं टिंब असलं तर नशीब.

हे वळण भिंतीमुळे आणि हातातल्या हत्यारामुळे आलंय. रोमन गिलाव्यात खाली चुना-वाळूचे थर आणि वर संगमरवराची भुकटी घातलेले घोटीव थर असत. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस वाळूचे तीन आणि संगमरवराचे तीन थर द्यायला सांगतो. पॉम्पेईतल्या बहुतेक घरांत त्याहून कमीच आहेत. या कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर लोक लिहीत ते मेणपाटीच्या, म्हणजे मेण चढवलेल्या पाटीच्या, कलमाने. ती लोखंडाची, काशाची किंवा हाडाची असे. एका टोकाला अणी आणि दुसरं टोक चपटं, मेण सारखं करून खोडायला. भिंतीवर खोडायची सोय नाही, त्यामुळे चुकलेलं अक्षर तसंच राहतं. उभी रेघ एका ओढीत निघते, पण गोलाई काढताना अणी अडकते आणि गिलाव्याचा टवका उडतो. म्हणून ‘ओ’ दोन तुकड्यांत येतो, ‘ए’ची आडवी रेघ लटकते किंवा गायबच होते, ‘आर’ बराचसा ‘ए’सारखा दिसतो आणि ‘ई’च्या दोन उभ्या रेघा होतात. लाल भिंतीवर ओरखडा पांढरा दिसतो, कारण रंगाची पापुद्र्याएवढी साय फाटून खालचा चुना उघडा पडतो.

ओरखड्याची आणि रंगाने लिहिलेल्या मजकुराची गल्लत करू नये. निवडणुकीच्या आणि खेळांच्या जाहिराती कुंचल्याने, लाल किंवा काळ्या रंगात, भिंतीवर आधी चुन्याचा हात मारून लिहिल्या जात. ते पेशेवाल्यांचं काम होतं आणि पुष्कळदा रात्री चाले. एका भिंतीवर मध्येच लिहिलंय, ‘दिवेवाल्या, शिडी धर’. डेसिमस लुक्रेशियस सॅट्रियस व्हॅलेन्स याने ८ ते १२ एप्रिलला ग्लॅडिएटरच्या, म्हणजे आखाड्यात लढणाऱ्या योद्ध्यांच्या, २० जोड्या आणि त्याच्या मुलाने १० जोड्या लढवायच्या ठरवल्या होत्या. त्या जाहिरातीवर लिहिणाऱ्याने सही केलीय: एमिलियस सेलर, एकट्याने, चांदण्यात. ‘चांदण्यात’साठी त्याने ‘लुना’ लिहिलंय. व्याकरणाप्रमाणे तिथे ‘लुनाम’ हवं.

शेवटचा ‘म’ गळणं ही मला या भिंतींवरची सगळ्यात मोलाची चूक वाटते. लोक बोलताना तो उच्चारतच नव्हते आणि जसं बोलत तसं लिहीत. प्रिमाच्या खानावळीच्या भिंतीवरचा वाद याच नजरेने बघा. पहिला मजकूर सांगतो: सक्सेसस विणकर खानावळवालीच्या आयरिस नावाच्या दासीवर प्रेम करतो, तिला त्याची पर्वा नाही, तरी तिने दया करावी म्हणून तो विनवतो, हे लिहितोय प्रतिस्पर्धी, सुखात राहा. त्याला उत्तर येतं: जळक्या, तुझ्याहून देखण्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस. त्यावर पुन्हा पहिला: सांगितलं, लिहिलं, तू आयरिसवर प्रेम करतोस आणि तिला तुझी पर्वा नाही, सेवेरसकडून सक्सेसस यास. आता अक्षरं बघा. ‘अंकिल्लाम’चं ‘अंकिल्ला’ झालंय, म्हणजे ‘म’ इथेही गळलाय. ‘इरिदेम’चं ‘हिरेदेम’ झालंय. बोलण्यातून ‘ह’ केव्हाच नाहीसा झाला होता, त्यामुळे तो कुठे लिहायचा याची खात्री नसलेल्या माणसाने नको तिथे घातला. शुद्धलेखन सुधारून छापलेल्या प्रतीत यातलं काहीच उरत नाही. म्हणून वाचन उतरवून घेताना आधी रेघा जशा आहेत तशा काढाव्यात, मग अक्षरं लिहावीत आणि अर्थ सगळ्यात शेवटी. अर्थ आधी लावला की डोळा हवं तेच अक्षर बघतो.

तारखांचाही असाच हिशेब आहे. बॅसिलिका म्हणजे शहरातली मोठी सार्वजनिक इमारत; तिच्या भिंतीवर गायस पुमिडियस डिपिलस ‘इथे होता’. ऑक्टोबरच्या नोन्सच्या आधीचा पाचवा दिवस, लेपिडस आणि कॅट्युलस कॉन्सल असताना. कॉन्सल म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी; त्यांच्या नावांनी साल सांगत. नोन्स म्हणजे महिन्यातला एक ठरलेला दिवस, ज्याच्यापासून उलटं मोजत तारीख सांगत. ऑक्टोबरात नोन्स ७ तारखेला येतात. रोमन मोजणीत दोन्ही टोकं धरतात, म्हणून सात, सहा, पाच, चार, तीन: ३ ऑक्टोबर, इसवी सन पूर्व ७८. वजाबाकी करून २ तारीख काढणं ही नेहमीची चूक आहे.

चित्रांतही संक्षेप असतात आणि ते कळले नाहीत तर चित्र मुकं राहतं. नुसेरिया दरवाजाबाहेरच्या एका थडग्यावर दोन ग्लॅडिएटर ओरखडलेत. मार्कस अॅटिलियसच्या नावापुढे ‘टी’ आणि ‘व्ही’ आहे, म्हणजे नवखा आणि जिंकला. समोरच्या हिलारसपुढे १४ लढतींचा आकडा आणि शेवटी ‘एम’, म्हणजे हरला पण त्याला जिवंत सोडलं. एवढ्या मुरलेल्या गड्याला नवख्याने हरवलं ही बातमी होती, म्हणून कुणीतरी ती भिंतीवर काढली.

ओरखडा वाचायचा तर समोरून उजेड टाकू नका, सगळं सपाट होतं. दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरायचा आणि तो चारही बाजूंना फिरवत दर वेळी नवा फोटो घ्यायचा, कारण प्रकाशाच्या दिशेने गेलेल्या रेघेला सावलीच पडत नाही. जमिनीपासूनची उंची, खोली, कोणती भिंत आणि शेजारी आणखी काय आहे हेही टिपायला हवं. मायस कॅस्ट्रिशियसच्या घरात ८५ ओरखडे सापडले आणि त्यातले काही एकमेकांना उत्तरं देतात. हे कळलं ते प्रत्येकाची जागा नोंदल्यामुळे. जुन्या काळी चांगले दिसणारे तुकडे कापून नेपल्सच्या संग्रहालयात नेले, तेव्हा त्यांचे शेजारी सुटले. जागेवर राहिलेल्यांना ऊन, ओल आणि गिलाव्यातून वर येणारे क्षार खातात, आणि १९४३ साली शहरावर बॉम्बही पडले. कित्येक मजकुरांचे आता फक्त एकोणिसाव्या शतकातले हाताने उतरवलेले नमुने आहेत.

कोळशाचं लिखाण सगळ्यात नाजूक, हात लागला की बोटावर येतं. २०१८ साली दुरुस्तीचं काम चालू असलेल्या एका घरात कोळशाने लिहिलेली तारीख सापडली: नोव्हेंबरच्या कॅलेंड्सआधीचा (महिन्याच्या पहिल्या दिवसाआधीचा) सोळावा दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबर. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये २४ ऑगस्टला झाला असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. कोळसा फार टिकत नाही, तेव्हा ही तारीख त्याच वर्षीची आणि उद्रेक ऑक्टोबरातला, असा युक्तिवाद झाला. उद्रेक शरद ऋतूत झाला असावा असं मलाही वाटतं, पण ते या एका ओळीवरून नाही. आतल्या, पावसापासून जपलेल्या भिंतीवर कोळसा वर्षभर सहज राहू शकतो, आणि लिहिणाऱ्याने दिवस लिहिलाय, साल लिहिलेलं नाही.