येम्टलँड: रातोरात सुकलेला धबधबा

स्वीडनला येणारी आपली मंडळी स्टॉकहोम करतात, फार तर ऑरोरा बघायला पार वर किरुनाला जातात. मधल्या येम्टलँडकडे कुणी फिरकत नाही. केरळपेक्षा मोठा हा जिल्हा, सुमारे 49,000 चौरस किलोमीटरचा, आणि माणसं जेमतेम 1 लाख 30 हजार. त्यातली निम्मी ओस्टरसुंड या मुख्य गावात आणि त्याच्या आसपास. बाकी सगळं जंगल, तळी आणि पश्चिमेला नॉर्वेला टेकलेले डोंगर.

ओस्टरसुंडसमोर तळ्यात फ्रोसॉन बेट आहे. तिथे अकराव्या शतकातला एक शिलालेख आहे. गुदफास्तचा मुलगा ऑस्टमन याने हा दगड उभारला, पूल बांधला आणि येम्टलँड ख्रिस्ती केलं, असं त्यावर कोरलंय. पूल आणि धर्मांतर, दोन्ही एकाच दमात! पुलापाशी स्वतःचं नाव लावायची हौस काही आपल्याच नगरसेवकांची नाही, हे बघून बरं वाटलं.

हा मुलूख 1645च्या तहाने स्वीडनकडे आला, त्याआधी नॉर्वेचा. नकाशा बघितला की कारण कळतं: डोंगरातल्या खिंडीतून नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमला उतरणं सोपं. 1882 साली सुरू झालेली रेल्वेही स्टूरलिएनवरून त्याच बाजूने नॉर्वेत गेली. उत्तर-दक्षिण जाणारी इनलँड्सबानन मात्र आता मुख्यतः उन्हाळ्यातली हौशी गाडी. रुळांवर रेनडियर आले की ड्रायव्हर निवांत थांबतो, आणि डब्यातलं कुणी घड्याळ बघत नाही.

मला ओढ होती ती पूर्वेकडच्या रागुंडाची. 87 नंबरच्या रस्त्याने गाडी घेऊन निघालो. इंडाल नदीवर इथे 35 मीटरचा धबधबा होता. वरून सोडलेले लाकडाचे ओंडके त्यात आपटून फुटायचे, म्हणून त्याला वळसा घालणारा कालवा खणायचं ठरलं. काम सुंद्सवालच्या माग्नुस हुस नावाच्या व्यापाऱ्याकडे. कालवा जायचा होता वाळू-गोट्यांच्या भुसभुशीत टेकाडातून. 1796च्या जूनमध्ये बर्फ वितळून पूर आला, पाणी कालव्यात घुसलं आणि टेकाडच वाहून गेलं. वरचं पंचवीसेक किलोमीटर लांबीचं तळं चार तासांत रिकामं! नदीने नवी वाट धरली आणि धबधबा कोरडा पडला. एवढं होऊन जीवितहानी झाल्याची नोंद नाही. हुस मात्र पुढच्याच वर्षी याच नदीत बुडाला.

आज लाकडी पुलांवरून त्या कोरड्या कड्यात हिंडता येतं. पाण्याने घोटून गुळगुळीत केलेला खडक, त्यात माणूस उभा मावेल असे खोल गोल खड्डे. निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसेच रांजणखळगे! एकात वाकून पाहिलं, तर तळाशी गोटे तसेच पडलेले. गरगर फिरत खड्डा कोरणारे कारागीर हेच.

रिकाम्या झालेल्या तळ्याच्या तळाच्या सुपीक जमिनीवर पुढे हामारस्ट्रांड गाव वसलं, म्हणजे सगळ्याच शेतकऱ्यांचं काही नुकसान झालं नाही. वाहून गेलेल्या गाळाने नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश वाढवला. सुंद्सवालचा विमानतळ आज त्याच त्रिभुज प्रदेशावर आहे. त्यामुळे विमानाने येणार असाल, तर रागुंडाच्या मातीवर तुम्ही आधीच उतरलेले असाल. तिथून गाडी भाड्याने घेतलेली बरी, कारण या बाजूच्या बसचं वेळापत्रक शाळेच्या वेळांभोवती फिरतं आणि उन्हाळ्यात शाळा बंद.