उतरता सूर, चढता सूर

कोल्हापूर जिल्ह्यातला एक साखर कारखाना. हंगाम ऐन भरात आणि बॉयलरला पाणी पुरवणारा फीड पंप थरथरत होता. व्हायब्रेशन मोजायला मला बोलावलं तोवर दोन खात्यांत जुंपली होती. मेकॅनिकलवाले म्हणत दोष मोटरचा, इलेक्ट्रिकलवाले म्हणत अलाइनमेंटचा, म्हणजे मोटर आणि पंपाच्या शाफ्ट एका रेषेत नसल्याचा.

मोटर दोन पोलची, २९८० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला सुमारे ४९.७ फेरे. अलाइनमेंट बिघडली की कंप बहुधा फेऱ्यांच्या दुपटीला दिसतो, इथे ९९.३ हर्ट्झला. मोटरच्या चुंबकीय दोषाचा दिसतो ५० हर्ट्झच्या सप्लायच्या दुपटीला, म्हणजे १०० हर्ट्झला. माझ्या कलेक्टरच्या, म्हणजे कंप मोजणाऱ्या यंत्राच्या, स्पेक्ट्रमवर (कुठल्या वारंवारतेला किती कंप ते दाखवणारा आलेख) दोन्ही मिळून एकच जाड शिखर येत होतं. लोड सारखा हलायचा, त्यामुळे जास्त वेळ मोजूनही ते फुटेना.

वाट दाखवली पंपावरच्या मिस्त्रींनी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. म्हणाले, "ताई, बंद करताना ऐका की. सूर उतरत जातोय, एकदम तुटत न्हाई."

बरोबर होतं. सप्लाय तोडला की चुंबकीय कंप तिथेच संपतो. अलाइनमेंटचा फेऱ्यांबरोबर खाली घसरत जातो. पंप बंद करायला लावून मी ३० सेकंद रेकॉर्ड केले. पण हेडरचं, म्हणजे सामाईक पाइपचं, प्रेशर पडताच स्टँडबाय पंप आपोआप सुरू झाला आणि त्याचा कंप पाइप अन् बेसफ्रेममधून माझ्या सेन्सरवर आला. एक सूर उतरतोय, दुसरा चढतोय, दोन्ही एकमेकांना छेदून जातायत. नेहमीच्या स्पेक्ट्रममध्ये त्याचा नुसता चिखल झाला.

खड्या सुरांच्या मापाने मींड मोजायला गेलं की हेच होतं. म्हणून चर्पलेट घेतले. स्टीव्ह मॅन आणि सायमन हेकिन यांनी १९९१ मध्ये मांडलेले हे सुराचे छोटे तुकडे. प्रत्येकाला वेळ, लांबी, वारंवारता आणि चढ-उताराचा वेग असतो. सिग्नलशी सगळ्यात जास्त जुळणारा तुकडा शोधायचा, वजा करायचा, उरलेल्यात पुन्हा शोधायचा. अडचण हिशेबाची. चारही गोष्टींच्या ६०-६० किमती घेतल्या तर जवळपास १ कोटी ३० लाख तुकडे तपासावे लागतात, आणि तेही शोधाच्या दर फेरीला. मी आधी १२-१२ किमतींची विरळ जाळी टाकली, म्हणजे २०,७३६ तुकडे, आणि जो बरा जुळला त्याच्याच आसपास बारीक शोध घेतला. लॅपटॉपवर रात्रभर चालणारं काम चहा संपेपर्यंत उरकलं. या पायरीवर माझा फार जीव आहे. ती नसती तर पंपाशेजारी उभं राहून उत्तर देताच आलं नसतं.

पहिलाच तुकडा निघाला तो ९९ हर्ट्झवरून घसरणारा, सप्लाय तुटल्यावरही तेवढ्याच जोमाचा. चढणारे दोन तुकडे स्टँडबायचे, वेगळे निघाले. १०० हर्ट्झचा सरळ तुकडाही मिळाला, सप्लायबरोबर संपलेला, पण अगदी बारीक.

मग कळलं की अलाइनमेंट ऑफ सीझनला, पंप थंड असताना केलेली. चालू पंपात डीएरेटरचं (पाण्यातली हवा काढणाऱ्या टाकीचं) शंभरीपार पाणी येतं, केसिंग तापून वर उचलतं. दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग सोडून पंप गरम असतानाच शाफ्टमधला फरक मोजणारा डायल लावला. पंपाची शाफ्ट मोटरपेक्षा पाव मिलिमीटर वर. तेवढ्या जाडीच्या शिम्स, म्हणजे पातळ पत्र्या, मोटरच्या पायांखाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप बंद करून तेच रेकॉर्डिंग केलं. यावेळी पहिला तुकडा ४९ हर्ट्झवरून, म्हणजे फेऱ्यांच्याच वेगावरून, उतरणारा निघाला. दुपटीचा सापडला तो शोधाच्या सहाव्या फेरीत. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा बेअरिंगवर टेकवला आणि मूठ बराच वेळ कानाशी धरून ठेवली.