शब्द मोजून

परवा दुपारी कपाटातला खालचा खण आवरताना तारेचा एक कोरा फॉर्म हाती लागला. अण्णांच्या वेळचा, कडा पिवळ्या पडलेला. आवरणं तिथंच थांबलं. तसंही ते कधी पुरं होत नाही.

तारेला पैसे शब्दागणिक पडायचे, पत्त्यासकट. अण्णा पोस्टात उभ्याउभ्याच आधी मजकूर लिहायचे आणि मग छाटायला बसायचे. आजी गेली तेव्हा काकांना तार करायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. 'मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली.' चार शब्द. मी म्हटलं, "पण आजी तर गेली ना?" अण्णा काही बोलले नाहीत. तारेतल्या 'सिरियस'चा अर्थ तेव्हा सगळ्यांना ठाऊक असायचा, मी सोडून.

शब्द मोजायची खोड मला तिथून लागली. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बायकोचे मेसेज, काही सुटत नाही. म्हणूनच कॅल्विन कूलिजवर माझा जीव. पुढं तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला, पण मला रस १९१९ सालच्या कूलिजमध्ये, मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरात. व्हर्मॉन्टमधल्या खेड्यातल्या दुकानदाराचा मुलगा. नॉर्थॅम्प्टनला वकिली, तिथलंच महापौरपद, मग एकेक पायरी. गव्हर्नर झाला तरी घर भाड्याचं, तेही दोन बिऱ्हाडांच्या घरातलं अर्धं. बोलणं इतकं कमी, की नावच पडलं 'सायलेंट कॅल'. बायको ग्रेस मूकबधिरांच्या शाळेत शिकवायची. तिनं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते खिडकीतून. अंगात नुसते आतले कपडे, डोक्यावर हॅट, आणि स्वारी दाढी करतेय. ती खो खो हसली. लग्न तरीही झालं.

९ सप्टेंबर १९१९ला बॉस्टनचे अकराशेवर पोलीस संपावर गेले. पगार तुटपुंजा, चौक्यांची दैना, त्यात संघटना काढली म्हणून पुढाऱ्यांना निलंबित केलेलं. रात्री दुकानं लुटली गेली. गव्हर्नरसाहेब आधी गप्पच होते, मग स्टेट गार्ड बोलावलं. कामगारनेता सॅम्युएल गॉम्पर्सनं पोलिसांची बाजू घेऊन तार केली. कूलिजनं तारेनंच उत्तर दिलं: सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करायचा हक्क कोणालाही, कुठेही, कधीही नाही. इंग्रजीत बरोबर १५ शब्द. (अख्खी तार चांगली लांबलचक होती. छाटली ती लोकांनी.)

त्या १५ शब्दांवर तो देशभर गाजला आणि पुढच्याच वर्षी उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. संपावर गेलेल्यांना मात्र कामावर परत घेतलं नाही. पगारवाढ मिळाली, पण त्यांच्या जागी भरती झालेल्यांना. हे कळल्यापासून ते वाक्य मला पूर्वीइतकं सुबक वाटत नाही, खोटं कशाला बोलू.

त्याचं मृत्युपत्रसुद्धा एका वाक्याचं. २३ शब्द. मुलगा जॉन ध्यानात आहे, पण सगळी मालमत्ता पत्नी ग्रेसला. मोजून मी खूश झालो होतो. मग लक्षात आलं, मुलगे दोन होते. धाकटा, बापाच्याच नावाचा. १९२४च्या उन्हाळ्यात व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोजे न घालता टेनिस खेळला, पायाला फोड आला, विष रक्तात भिनलं. आठवड्याभरात गेला. वय १६.