स्टीमवर १० डॉलरचा गेम विकल्यावर हातात किती पडतात?

‘हजार कॉपी खपल्या की १०,००० डॉलर आले’ हा हिशेब आधी डोक्यातून काढून टाका. छोट्या टीमचं बजेट बहुतेक वेळा इथेच फसतं. गेम वाईट असतो म्हणून नव्हे, तर छापील किमतीलाच उत्पन्न धरून पगार ठरवलेले असतात म्हणून.

आकडे मांडूनच बघू. स्टीम या पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन स्टोअरवर १० डॉलर किंमत लावलेला गेम १,००० जणांनी घेतला. सगळ्यांनी १० डॉलर दिलेले नसतात. भारत, ब्राझीलसारख्या देशांत किंमत कमी ठेवावी लागते, आणि बरीचशी विक्री सेलमध्ये होते. सरासरी ६ डॉलर धरले तर ६,००० जमले. दहा टक्के रिफंडमध्ये गेले, उरले ५,४००. युरोपातला व्हॅट आणि आपल्याकडचा जीएसटी किमतीच्या पोटातच असतो. तो सगळीकडचा मिळून दहा टक्के धरला तर ४,८६०. यातून स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचा ३० टक्के वाटा गेला की ३,४०२. यातली एक तृतीयांश विक्री अमेरिकेतली असेल, तर त्या १,१३४ डॉलरवर १५ टक्के कर तिथेच कापला जातो, म्हणजे १७० डॉलर. तुमच्याकडे निघाले ३,२३२. बँकेचे चार्जेस आणि इथला इन्कम टॅक्स अजून बाकीच आहे.

सरासरी किंमत, रिफंड आणि अमेरिकेचा हिस्सा ही माझी गृहीतकं आहेत, तुमच्या गेमप्रमाणे ती बदला. ३० टक्के मात्र बदलत नाहीत. १ कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर तो वाटा २५ आणि ५ कोटींच्या वर २० टक्के होतो, पण हा २०१८ चा नियम मोठ्या स्टुडिओंच्याच कामाचा. स्टीमशी स्पर्धा करणारं एपिक कंपनीचं स्टोअर १२ टक्के घेतं, आणि २०२५ पासून प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर काहीच घेत नाही. तरीही पीसीवरचं गिऱ्हाईक मुख्यतः स्टीमवरच असल्यामुळे छोट्या टीमला ते टाळून चालत नाही.

१५ टक्क्यांचा दरही आपोआप लागत नाही. स्टीमच्या टॅक्स फॉर्ममध्ये भारत-अमेरिका कराराचा पर्याय निवडून पॅन द्यावा लागतो, नाहीतर थेट ३० टक्के कापतात. फॉर्मवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. कापलेल्या कराचं क्रेडिट इथलं रिटर्न भरताना मागता येतं. सीएला ते आठवणीने सांगा.

वेळापत्रकही पैशाशीच बांधलेलं आहे. प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर फी असते, ती १,००० डॉलरची कमाई झाल्यावर परत मिळते. फी भरल्यापासून ३० दिवस गेम रिलीज करता येत नाही, आणि ‘लवकरच येत आहे’ असं पान किमान दोन आठवडे लागलेलं असावं लागतं. दोन आठवडे ही फक्त नियमाची मर्यादा झाली. विशलिस्ट (गेम पुढे घ्यायचा म्हणून नोंदवून ठेवणाऱ्यांची यादी) जमायला सहा महिने तरी द्या, कारण रिलीजच्या दिवशी आणि पुढे २० टक्के किंवा जास्त सवलत लावली की स्टीम त्याच लोकांना ईमेल पाठवतं.

मित्रांना फुकट ‘की’ (गेम मिळवून देणारे कोड) वाटून रिव्ह्यू लिहून घेण्याचा बेत असेल तर सोडा. ‘की’ वापरून घेतलेल्या कॉपीचा रिव्ह्यू स्कोअरमध्ये धरत नाहीत, आणि स्कोअर दिसायला विकत घेणाऱ्यांचे १० रिव्ह्यू लागतात. गेम दोन तासांच्या आत संपणारा असेल तर आणखी एक अडचण: १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मिळतात, म्हणजे पूर्ण खेळून झालेला गेमही परत होऊ शकतो.

पब्लिशरचा, म्हणजे गेमला पैसे पुरवून कमाईत वाटा घेणाऱ्या कंपनीचा, करार मात्र सावकाश वाचा. समजा ५०,००० डॉलर ॲडव्हान्स आणि पुढे निम्मा-निम्मा वाटा. ॲडव्हान्सची वसुली एकूण निव्वळ कमाईतून होणार असेल, तर ५०,००० जमल्यावर तुमचा वाटा सुरू होतो. वसुली ‘डेव्हलपरच्या वाट्यातून’ असं लिहिलं असेल, तर १,००,००० जमेपर्यंत तुम्हाला एक सेंटही दिसणार नाही, आणि तोवर पब्लिशरने स्वतःच्या वाट्याचे ५०,००० उचललेले असतात. फरक दोन शब्दांचा आहे, पण त्यात टीमचं अख्खं वर्ष जातं. वसुलीत मार्केटिंग, टेस्टिंग आणि पोर्टिंगचा (गेम दुसऱ्या यंत्रांवर चालेल असा करण्याचा) खर्च धरला असेल तर त्याला वरची मर्यादा लिहून घ्या आणि ती ओलांडायला तुमची लेखी संमती लागेल असं कलम घाला. मर्यादा नसेल तर हा आकडा विक्रीच्या बरोबरीने वाढत राहतो.

पैसे कधी येतात तेही विचारा. स्टीम एका महिन्याच्या विक्रीचे पैसे पुढच्या महिन्याच्या अखेरीस देतं. करारात तिमाही हिशेब आणि त्यावर ४५ दिवस असतील, तर जानेवारीत विकलेल्या कॉपीचे पैसे तुमच्यापर्यंत मेच्या मध्याला पोचतात. फेब्रुवारी ते मेचे पगार कुठून निघणार, ते सही करण्याआधी मांडून ठेवा.